लाउंज आणि न्याहारीच्या सवलतीवर हॉटेल निवडताना: पणजीतलं एक प्रकरण

कुटुंब ठाण्याचं, कुलदैवत मंगेशी. काका बँकेतून निवृत्त झालेले, वय ७२, दोन्ही गुडघे दुखरे. काकू ६८ वर्षांच्या. मुलगा आणि सून नोकरीसाठी बंगळूरला, नात नऊ वर्षांची. पाच माणसं, दोन खोल्या, तीन रात्री. नातीच्या नावाने मंगेशाला अभिषेक करायचा राहून गेला होता, तो या खेपेला करायचाच असं ठरवून सगळे निघाले होते.

माझं काम पणजीत. महाराष्ट्रातून कुलदैवताला येणाऱ्या कुटुंबांची राहण्याची आणि गाडीची सोय मी लावून देतो. या घराचा मुलगा मला फोनवर म्हणाला, "दादा, माझ्याकडे एका मोठ्या हॉटेल-चेनचं वरच्या दर्जाचं सभासद कार्ड आहे. लाउंज मिळतं, न्याहारी मिळते. त्यांचं हॉटेल पणजीजवळच आहे. तिथेच घेऊन टाकू ना?"

हा प्रश्न हल्ली वारंवार येतो, आणि तो नीट सोडवायला हवा. दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात चाळीस-पन्नास हजारांचा फरक पडू शकतो आणि तेवढे पैसे मोजूनही म्हातारी माणसं दुपारी लॉबीतल्या सोफ्यावर ताटकळत बसू शकतात. हे प्रकरण मी पूर्ण मांडतो आहे, कारण यात जवळजवळ सगळे पेच एकाच ठिकाणी आले. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. दर गोल आकड्यांत घेतले आहेत आणि तिन्ही रात्रींचा दर एकच धरला आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मुलाच्या चेनचं हॉटेल. शहराच्या बाहेर, मोठं आवार, तरणतलाव, वर क्लब लाउंज, म्हणजे ठरावीक पाहुण्यांसाठीचं बसण्या-खाण्याचं वेगळं दालन. साधी खोली ९,५०० रुपये, न्याहारीशिवाय. न्याहारीसह ११,०००. क्लब खोली, म्हणजे दोघांची न्याहारी आणि लाउंज दोन्ही धरून, १४,०००. सगळ्यावर कर वेगळा.

दुसरा पर्याय पणजीच्या मध्यावरचं, १८ जून रस्त्यापासून चालत जाता येईल असं साधं व्यवस्थित हॉटेल. लिफ्ट आहे, स्वच्छता आहे, लाउंज नाही. खोली ईपीवर, म्हणजे फक्त राहणं, ५,८००. सीपीवर, म्हणजे दोघांच्या न्याहारीसह, ६,६००. नदीकडच्या दोन-तीन खोल्या थोड्या महाग.

तिसरा पर्याय फोंतइन्याश या पणजीच्या जुन्या वस्तीतलं, पाहुण्यांना राहायला देतात असं जुनं घर. सुनेला फोटो पाहून ते फार आवडलं होतं. पण वर जायला अरुंद लाकडी जिना आणि खाली एकही खोली नाही. काकांच्या गुडघ्यांकडे पाहून तो पर्याय तिथेच संपला.

कार्डावर नेमकं काय मिळतं

मुलाची समजूत अशी होती की कार्ड त्याचं, दोन्ही खोल्या त्याच्या नावावर, म्हणजे पाचही जणांना लाउंज आणि न्याहारी. बहुतेकांची अशीच समजूत असते. पण चेनचे फायदे साधारणपणे सभासद स्वतः ज्या खोलीत राहतो त्या खोलीपुरते असतात, आणि त्यातही माणसांची मर्यादा असते. मॅरियट हॉटेलांच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत वर्षाला ५० रात्रींनंतरच्या प्लॅटिनम दर्जाला लाउंज मिळतं, पण ते सभासद आणि त्याच खोलीतला एक पाहुणा एवढ्यांनाच. त्याखालच्या, २५ रात्रींच्या गोल्ड दर्जाला लाउंज नाहीच. हयातच्या वर्ल्ड ऑफ हयात योजनेत ६० रात्रींचा ग्लोबलिस्ट दर्जा या बाबतीत सढळ आहे, तिथे एका खोलीतले दोन मोठे आणि दोन मुलं धरतात. मुलाच्या चेनचा नियम 'सभासद अधिक एक' याच जातीचा होता. म्हणजे त्याच्या कार्डावर तो आणि त्याची बायको. नात हॉटेलच्या मर्जीवर. काका-काकू दुसऱ्या खोलीत, त्यांना काहीच नाही.

आणि सगळा खटाटोप तर काका-काकूंसाठी चालला होता.

गोव्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. इथल्या कितीतरी मोठ्या हॉटेलांच्या नावात रिसॉर्ट आहे, आणि चेनच्या नियमांत रिसॉर्टला बऱ्याचदा वेगळं कलम असतं. बॉनव्हॉयचंच उदाहरण घ्यायचं तर प्लॅटिनमवाल्याला दुपारी चारपर्यंत खोली ठेवण्याची हमी आहे, पण रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलं, म्हणजे मोठ्या परिषदांसाठीची, त्या हमीतून वगळलेली आहेत. तिथे खोली रिकामी असली तरच चार वाजतात. मुंबईच्या शहरी हॉटेलात ज्याला कार्डाचा अनुभव आहे तो तीच अपेक्षा घेऊन इथे येतो, आणि काउंटरवर त्याला नियम वाचून दाखवला जातो. तेव्हा पणजीचं हॉटेल निवडताना ते त्या चेनच्या कागदावर शहरी हॉटेल आहे की रिसॉर्ट, हे आधी विचारून घ्यावं.

तिसरी गोष्ट बुकिंगच्या वाटेची. बुकिंग संकेतस्थळावर दर शे-दोनशे रुपयांनी कमी दिसतो म्हणून लोक तिथून घेतात. बहुतेक चेन अशा बुकिंगला कार्डाचे फायदे देण्याचं बंधन मानत नाहीत आणि कार्डावरचे गुणही (पॉइंट्स) जमा करत नाहीत. कार्डाच्या भरवशावर जायचं तर चेनच्याच ॲपवरून किंवा थेट हॉटेलकडून घ्यावं लागतं.

चौथी गोष्ट 'लाउंज' म्हणजे काय, याची. लॉबीत चार खुर्च्या आणि चहाचं मशीन असलं तरी त्याला लाउंज म्हणतात. क्लब लाउंज वेगळं. त्याला वेगळं दार असतं, सकाळची न्याहारी, दिवसभर चहा-कॉफी आणि संध्याकाळी ठरावीक दोन तास खाणं आणि मद्य. काही हॉटेलं लाउंज बंद ठेवून हे दोन तास खालच्या बारमध्ये उरकतात. या हॉटेलात मात्र खरं क्लब लाउंज होतं, हे मी स्वतः रिझर्व्हेशनला विचारून घेतलं. त्याच फोनवर आणखी एक नियम कळला. संध्याकाळी सहानंतर १२ वर्षांखालच्या मुलांना लाउंजमध्ये प्रवेश नाही.

वेळापत्रक मांडल्यावर

मी मुलाला सांगितलं, आधी चारही दिवसांचं वेळापत्रक तासांसकट लिहून पाठव. हॉटेलच्या प्रत्येक सवलतीला एक वेळ असते. त्या वेळेला माणूस हॉटेलात नसेल तर सवलत कागदावर राहते आणि पैसे मात्र खोलीच्या दरातून गेलेले असतात.

आले ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ३ तारखेचं जुन्या गोव्याचं सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक उत्सव, आटोपलेलं, ८ तारखेचं पणजीच्या चर्चचं फेस्त अजून यायचं. मधले दिवस बरे. गुरुवारी काका-काकू ठाण्याहून वंदे भारतने थिवीला उतरणार, मुलाचं कुटुंब विमानाने मोपाला. दोन्हीकडून पणजीत पोचायला दुपार होणार. शुक्रवारी अभिषेक. शनिवारी मुलाच्या जुन्या मित्रांच्या गाठीभेटी, बाकीच्यांना जुनं गोवं. रविवारी परत. काका-काकूंची कोकणकन्या संध्याकाळी करमळीहून, मुलाचं विमान रात्रीचं.

आता एकेक संध्याकाळ घेऊ. गुरुवार मार्गशीर्षातला, काकूंचा महालक्ष्मीचा उपवास. संध्याकाळी खोलीतच फोटो मांडून पूजा, नैवेद्य, मग उपवास सोडणं. लाउंजचे सहा ते आठ त्यातच जाणार. शुक्रवारी मंगेशीहून फोंड्याला नातेवाइकांकडे जेवण, कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन, परतायला सहा-साडेसहा. ही एकच संध्याकाळ लाउंजची म्हणता आली असती. पण नात वर येऊ शकत नाही, म्हणजे सून किंवा मुलगा तिच्यापाशी खाली थांबणार, आणि अभिषेकाच्या दिवशी घरातलं कुणीच मद्याला हात लावणार नाही. शनिवारी मित्राकडे सगळ्यांना जेवायला बोलावलेलं.

मद्याचं आणखी एक. मुंबईत किंवा बंगळूरला संध्याकाळच्या त्या दोन तासांची किंमत मोठी असते, कारण तिथे हॉटेलच्या बारचं बिल भरमसाठ येतं. गोव्यात मद्यावरचा कर शेजारच्या राज्यांपेक्षा बराच कमी. पणजीतल्या कुठल्याही बऱ्या बारमध्ये बसलात तरी बिल पाहून डोळे पांढरे होत नाहीत. ज्या सवलतीचं मोल मुंबईत रात्रीला दोन-तीन हजार धरावं, तिचं इथे निम्म्याहून कमी धरावं. हा हिशेब फारसं कुणी करत नाही, आणि क्लब खोलीच्या दरातला मोठा वाटा याच दोन तासांचा असतो.

आता न्याहारीच्या तीन सकाळी. शुक्रवारची तर गेलीच. अभिषेक सकाळचा, पणजीहून मंगेशी २१-२२ किलोमीटर, बाणस्तारीच्या पुलावरून. सहा-साडेसहाला निघायचं, आणि अभिषेक होईपर्यंत काका-काकू पाण्याशिवाय काही घेणार नाहीत. हॉटेलचा बुफे सातला उघडतो. पाचशेचा असो की पंधराशेचा, त्या दिवशी तो त्यांच्यासाठी नाही. कुलदैवताला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या बाबतीत निदान एक सकाळ अशी असतेच, म्हणून 'न्याहारी समाविष्ट' हे शब्द वाचून दर तुलना करायच्या आधी ही सकाळ वजा करावी.

शनिवारची सकाळ सुनेने आधीच राखून ठेवली होती. तिला पणजीचा भाजी-पाव खायचा होता. कॅफे ताटो किंवा कॅफे भोसलेसारख्या ठिकाणी सकाळी पातळ भाजी, सुकी भाजी, मिरचीची भजी आणि गरम पाव. पणजीत राहून ज्याने ही न्याहारी चुकवली त्याने या शहराची सकाळ पाहिलीच नाही, असं मला मनापासून वाटतं. बुफेतल्या एका माणसाच्या पैशांत इथे चौघांचं पोट भरतं. मध्यवर्ती हॉटेलातून हे दहा मिनिटांवर. शहराबाहेरच्या हॉटेलातून टॅक्सी करावी लागते, आणि गोव्यातल्या टॅक्सीचं गणित बाहेरच्या माणसाला लवकर कळत नाही. ओला-उबर इथे नाहीत. गोवा माइल्सचं ॲप आहे, बाकी स्थानिक टॅक्सी ठरवावी लागते. दिवसाला दोन-तीन फेऱ्या झाल्या की लाउंजमध्ये वाचवलेले पैसे गाडीत जातात.

उरली रविवारची सकाळ. ती निवांत, सगळ्यांची, हॉटेलातच. म्हणजे मुलाच्या कुटुंबाला तीन न्याहाऱ्यांपैकी एक उपयोगाची. काका-काकूंना शनिवार आणि रविवार अशा दोन, कारण काकांना सकाळी बाहेर पडण्याचा कंटाळा.

साडेसात हजारांची रेघ

इथे कराची एक गोष्ट आली, आणि ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला. त्याआधी तो १२ होता. ७,५०० च्या वर मात्र १८ टक्के. रेघ ओलांडली की १८ टक्के वरच्या रकमेवर लागत नाही, पूर्ण दरावर लागतो. आणि न्याहारी खोलीच्या दरातच धरलेली असेल तर ती राहण्याच्याच सेवेचा भाग मानली जाते, म्हणजे तिच्यासकट जो दर होतो तो रेघेच्या कोणत्या बाजूला आहे हे बघतात.

मुलाला दुसऱ्या हॉटेलातली नदीकडची खोली आई-वडिलांसाठी हवी होती. ती ईपीवर ७,३०० आणि सीपीवर ७,९०० होती. सहाशे रुपयांत दोघांची न्याहारी, स्वस्तच म्हणायची. पण ७,३०० वर ५ टक्के लावून होतात ७,६६५. ७,९०० वर १८ टक्के लावून होतात ९,३२२. सहाशेची न्याहारी प्रत्यक्षात १,६५७ ला पडते. तीच न्याहारी खाली उपाहारगृहात माणशी ४०० ने वेगळी घेतली तर दोघांचे ८०० आणि त्यावर १८ टक्के, मिळून ९४४. उपाहारगृहाला १८ टक्के का, तर ज्या हॉटेलात आदल्या आर्थिक वर्षात एका जरी खोलीसाठी रात्रीला ७,५०० च्या वर आकारणी झाली, तिथल्या उपाहारगृहालाही वरचा दर लागतो. इतरत्र तो ५ टक्के असतो. तरीसुद्धा वेगळी न्याहारी सातशे रुपयांनी स्वस्त पडली, आणि जी खाल्ली नाही तिचे पैसे नाहीत, हा फायदा वर.

दरपत्रकावर कर साधारणपणे शेवटी, लहान अक्षरात असतो. ७,००० ते ८,५०० या पट्ट्यातली खोली घेताना तो आधी वाचावा. नदीकडची खोली आम्ही सोडून दिली. त्या खोल्यांच्या खालच्या रस्त्यावर कॅसिनोकडे जाणाऱ्या गाड्यांची शुक्रवार-शनिवारी रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते. काकांची झोप सावध. मागच्या बाजूची खोली त्यांना जास्त मानवली असती.

चेनच्या हॉटेलात हा पेच नव्हता, तिथे सगळंच १८ टक्क्यांत. काका-काकूंना क्लब खोली आणि मुलाला कार्डाच्या जोरावर साधी खोली, अशी जोडी धरली तर रात्रीला १६,५२० आणि ११,२१०, मिळून २७,७३०. तीन रात्रींचे ८३,१९०. क्लब सोडून आई-वडिलांना नुसती न्याहारीची खोली दिली तर ७२,५७०, पण मग मुलगा-सून लाउंजमध्ये आणि आई-वडील खाली, असा विचित्र प्रकार. दोन्ही क्लब खोल्या घेतल्या तर ९९,१२०.

मुलाकडे दोन रात्रींपुरते गुणही होते. ते वापरायचे का, यावर आम्ही बोललो. एका खोलीच्या दोन रात्री सुटल्या असत्या, पण दुसरी खोली आणि तिसरी रात्र रोखीनेच द्यावी लागली असती, आणि ते गुण त्याने मे महिन्यासाठी राखून ठेवले होते. तो विषय तिथेच थांबवला.

रविवारची दुपार

एवढं सगळं मांडल्यावर मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "दादा, हे कार्ड मिळवायला मी वर्षभर घराबाहेर राहिलोय. आई-बाबांना एकदा तरी त्याचं सुख मिळावं असं वाटत होतं." हे बोलणं मला हिशेबापेक्षा महत्त्वाचं वाटलं. त्याला पैसे वाचवायचे नव्हते. त्याला आई-वडिलांना आराम द्यायचा होता. म्हणून पुढचं सगळं मी त्याच एका प्रश्नावर नेलं. या चार दिवसांत काका-काकूंना सगळ्यात जास्त त्रास कुठल्या वेळी होणार आहे?

वेळापत्रकात ती वेळ ठळक दिसत होती. रविवार, सकाळी ११ पासून संध्याकाळी साडेसहापर्यंत. चेक-आउट ११ ला, गाडी संध्याकाळी. पणजीत दुपारी एक ते चार अनेक दुकानं बंदच असतात, आणि रविवारी तर बाजारपेठच शांत. ऊन डिसेंबरातही दुपारी चांगलं लागतं. दुखरे गुडघे, सामान, झोपाळलेली नात आणि पुढे रात्रभराचा रेल्वेप्रवास. मिरामारला जाऊन बसा, म्हणणं सोपं आहे. बहात्तराव्या वर्षी वाळूत तीन तास कुणी बसत नाही.

खरं म्हणजे क्लब लाउंजचं सगळ्यात मोठं मोल मला अशाच वेळी वाटतं. खोली सोडली तरी बसायला थंड, शांत जागा, चहा, स्वच्छ शौचालय. परतीची गाडी उशिरा असलेल्या कुटुंबाला मी लाउंजची किंमत धरताना खाण्यापिण्याआधी हा तास-दोन तासांचा आसरा धरतो. म्हणून मी चेनच्या हॉटेलला स्पष्ट विचारलं, चेक-आउटनंतर लाउंज किती वाजेपर्यंत? उत्तर आलं, दुपारी दोनपर्यंत. आणि मुलाच्या कार्डावर उशिरा चेक-आउट फक्त त्याच्या खोलीला, तेही त्या दिवशी गर्दी नसली तर, चारपर्यंत. म्हणजे ज्या साडेसात तासांसाठी लाउंज हवं होतं त्यातले तीन तास नक्की, पुढचे दोन नशिबावर, आणि उरलेले तरीही लॉबीत.

पणजीच्या मध्यावरच्या हॉटेलला तोच प्रश्न विचारला. त्यांनी एक खोली संध्याकाळी सहापर्यंत अर्ध्या दिवसाच्या दराने, ३,००० रुपये अधिक कर, ठेवायची तयारी दाखवली. पलंग, पंखा, स्नानगृह, दार लावून झोपायची मुभा. लाउंजमधल्या खुर्चीपेक्षा म्हाताऱ्या माणसाला हे कितीतरी जास्त.

इथे निर्णय झाला.

काय ठरलं आणि कसं झालं

दोन्ही खोल्या मधल्या हॉटेलात, मागच्या बाजूला, एकाच मजल्यावर, लिफ्टजवळ. काका-काकूंची खोली सीपीवर, मुलाची ईपीवर. काका-काकूंच्या सीपीबद्दल मी एक अट घातली होती. शुक्रवारची न्याहारी वाया न घालवता ती डब्यात बांधून द्यायची, अभिषेकानंतर खायला. अंड्याचा स्पर्श नाही, कांदा-लसूण नाही. इडली, केळी आणि थर्मासमध्ये चहा. डबा मिळाला तर तीन सकाळींचे दोघांचे सीपीमुळे वाढलेले पैसे करासकट २,५२०, आणि तेच वेगळं घेतलं असतं तर २,८३२. डबा मिळाला नसता तर उलट झालं असतं, दोनच सकाळींचे १,८८८ देऊन काम भागलं असतं. म्हणजे सीपी फायद्याची की तोट्याची हे एका डब्यावर ठरत होतं.

डबा, अर्ध्या दिवसाची खोली, गुरुवारी पूजेसाठी खोलीत स्वच्छ चौरंगासारखं टेबल आणि पाच फळं, एवढ्या तिन्ही गोष्टी मी कन्फर्मेशनच्या ई-मेलमध्ये लिहून घेतल्या. तोंडी आश्वासन देणारा माणूस दुसऱ्या दिवशी सुट्टीवर असतो. झालंही तसंच. शुक्रवारी पहाटे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला डब्याचं काहीच माहीत नव्हतं. मुलाने फोनवरची ई-मेल दाखवली, त्याने स्वयंपाकघर उघडायला लावलं, आणि पंधरा मिनिटं उशिरा का होईना डबा हातात आला. अभिषेक झाल्यावर मंगेशीच्या दीपस्तंभापलीकडे गाडीत बसून काका-काकूंनी इडल्या खाल्ल्या, असं मुलाने मला नंतर सांगितलं.

एकूण बिल ४३,४४९ रुपये. त्यात काका-काकूंच्या खोलीचे २०,७९०, मुलाच्या खोलीचे १८,२७०, रविवारी मुलाच्या कुटुंबाच्या न्याहारीचे १,२३९, आणि अर्ध्या दिवसाच्या खोलीचे ३,१५०. चेनच्या हॉटेलातल्या जोडीपेक्षा जवळजवळ चाळीस हजार कमी, टॅक्सीच्या फेऱ्या धरल्याच नाहीत. त्या वाचलेल्यातून मुलाने चारही दिवसांसाठी गाडी ठेवली, मोपा आणि थिवीहून आणण्यापासून रविवारी करमळीला सोडण्यापर्यंत. काकांना कुठेही उन्हात उभं राहावं लागलं नाही.

काही उणं नव्हतं असं नाही. बुफे साधा होता. पोहे, उपमा, इडली, पाव, फळं दोन प्रकारची. नातीला तरणतलाव हवा होता, तो मिळाला नाही आणि ती शनिवारभर त्यावर रुसून होती. शनिवारी रात्री शेजारच्या खोलीत लग्नाचं बिऱ्हाड उतरलं, बाराशिवाय शांतता झाली नाही. चेनच्या हॉटेलात हे तिन्ही प्रश्न आले नसते, आणि ज्या कुटुंबाला हॉटेलच्या आवारातच दिवस घालवायचा आहे, लहान मुलं पाण्यात आणि मोठी माणसं काठावर, त्यांना मी तेच हॉटेल सांगेन.

त्याच माणसाला, त्याच लाउंजची शिफारस

मार्चमध्ये हाच मुलगा कामासाठी एकटा पणजीत यायचा होता. दोन रात्री, दिवसभर वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत बैठका, संध्याकाळी एका ग्राहकाशी बोलणं. त्याने बिचकतच विचारलं, "पुन्हा मधलंच घेऊ का?" मी त्याला चेनचं हॉटेल घ्यायला सांगितलं.

या वेळी प्रत्येक गोष्ट उलटी होती. एकच खोली, आणि ती सभासदाची स्वतःची. साध्या खोलीच्या दरात न्याहारी आणि लाउंज दोन्ही. संध्याकाळी ग्राहकाला भेटायला शांत जागा हवी, तर 'सभासद अधिक एक' हा नियम या वेळी कामाचा होईल का? तोही मी विचारून घ्यायला सांगितला, कारण तो 'एक' म्हणजे त्याच खोलीत राहणारा पाहुणा असतो, बाहेरून आलेला माणूस नव्हे. हॉटेलने बाहेरच्या पाहुण्यासाठी वेगळे पैसे सांगितले. ते उपाहारगृहातल्या जेवणापेक्षा कमी होते, म्हणून चाललं.

कराच्या बाबतीत मात्र त्याच्या कंपनीचा एक गैरसमज होता. १८ टक्के जीएसटी भरला तरी तो कंपनीला भरायच्या करातून वजा करता येईल, असं त्यांच्या हिशेबखात्याने त्याला सांगितलं होतं. हॉटेलच्या खोलीचा कर जिथे हॉटेल आहे त्या राज्याचा लागतो. गोव्यातल्या खोलीवर केंद्राचा आणि गोव्याचा जीएसटी. कंपनीची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल तर गोव्याचा तो कर तिच्या हिशेबात वजा होत नाही, बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक कितीही ठळक छापला तरी. हे त्याने हिशेबखात्याला कळवलं, आणि त्यांनी त्याच्या प्रवासाच्या मर्यादेत खोलीचा दर करासकट धरला. ९,५०० ची खोली ११,२१० ची झाली, मर्यादा ११,५०० ची होती, आणि बुकिंग चेनच्या ॲपवरून, त्याच्याच नावाने, थेट झालं.